कोंबड्यांच्या ताटलीतलं पीठ

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत बारा वाट्या असतात. स्टीलच्या, बुडाला आकडे कोरलेल्या. एक नंबरच्या वाटीत जेमतेम लोणच्याची फोड मावते आणि बारा नंबरच्या वाटीला वाटी म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. चालताना त्या खुळखुळतात, त्यामुळे पनवेल-उरणच्या कुठल्याही गावात माझ्याआधी माझा आवाज पोचतो. "वाटीवाले सर आले!" अशी हाळी पडते. एका आजोबांनी मला थांबवून कल्हईचा भाव विचारला होता. मी पोषणशास्त्रज्ञ आहे असं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे कल्हई नाय करत?" नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

आहारतज्ज्ञ लोकांना सांगतो, काय खा. मी विचारतो, काय खाल्लं. दुसरं काम जास्त अवघड आहे. काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तोंडात जे जे गेलं ते एकेक करून आठवायला लावायचं, प्रत्येक पदार्थासाठी वाट्या पुढे मांडायच्या आणि विचारायचं, "यातली कुठली? भरून की अर्धी?" मग चुलीपाशी जाऊन तांदूळ किती घेतले, डाळ किती, तेल किती, ते तोलायचं. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं, एवढीच माझी गिऱ्हाइकं. बाकीचे आपापलं खाऊन मोकळे होतात. या चौघांचं खाणं मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं.

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर मिळवायला घाम गाळावा लागतो.

"काल दुपारी काय खाल्लंत?"

"जेवन."

"जेवणात काय होतं?"

"रोजचंच."

"रोज काय असतं?"

"आता तुमाला ठावं नाय व्हय, सर? तुमी काय उपाशी राता?"

न्हावा शेव्याच्या गोदीतून निवृत्त झालेले एक काका मात्र नेमके उलटे. त्यांनी मला कालच्या चोवीस तासांतल्या सात चहांचा हिशोब दिला, प्रत्येक चहा कोणी पाजला आणि त्या वेळी काय बोलणं झालं यासकट. शेवटी मी विचारलं, "आणि जेवण?" ते जरा विचारात पडले. म्हणाले, "जेवायचं राहिलंच की हो." बायको गेल्यापासून ते असंच राहत होतं. उलव्याच्या बाजूला एक मोठा बंगला आहे, संगमरवरी जिना, दारात दोन गाड्या, जमिनीच्या पैशातून आलेलं सगळं. तिथल्या बाळंतिणीच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या, अंगात रक्तच नव्हतं. सव्वा महिना तिला खाणंच काय, पाणीसुद्धा मोजून मिळत होतं, कारण तिच्या आजेसासूला तसंच मिळालं होतं. त्या आजेसासूंशी मी तीन भेटींत जे भांडलो ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत सभ्य भांडण असेल. चौथ्या भेटीत त्यांनी स्वतःच नातसुनेच्या उशाशी तांब्या भरून ठेवलेला दिसला. वर मला दटावलं, "सांगितलंत कशाला एवढं? एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं."

अशा गोष्टी मी भाषणांत सांगतो. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. आज लिहायची आहे ती गोष्ट मी भाषणांत सांगत नाही.

आमच्या संस्थेने सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी एक पीठ तयार केलं होतं. नाचणी, मूगडाळ, शेंगदाणे, तीळ, सगळं भाजून दळलेलं, वर थोडी वेलची. कोमट पाण्यात कालवलं की दोन मिनिटांत बाळाचं खाणं तयार. हे पीठ माझं होतं. म्हणजे कागदावर संस्थेचं, पण नाचणी किती भाजली की कडू लागते आणि किती भाजली की बाळ जीभ बाहेर काढत नाही, ते शोधण्यात माझी दोन वर्षं गेली होती. त्याची परीक्षा आम्ही गव्हाणच्या अलीकडच्या एका गावात घेत होतो. दर महिन्याला अंगणवाडीत वजनाचा दिवस. आयांनी बाळाला आणायचं, टांगत्या काट्याच्या झोळीत बसवायचं, वाढीच्या तक्त्यावर टिंब द्यायचं आणि पुढच्या महिन्याची पाकिटं घेऊन जायचं.

त्या गावात सुगंधा नावाची एक आई होती. बारावी शिकलेली, पेणकडची माहेरवाशीण, नवरा बंदरावर ट्रेलर चालवायचा. तिची मुलगी स्वरा ही माझ्या परीक्षेतली पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. प्रत्येक महिन्यात तिचं टिंब वर चढायचं. चार महिन्यांत तिची रेघ अशी झोकात वर गेली होती की मी तिचा तक्ता मुंबईच्या दोन बैठकांत पडद्यावर दाखवला होता. "हे आमच्या पिठाचं काम," असं मी म्हणालो होतो. शब्द तेच होते.

पाचव्या महिन्यात वजनाच्या दिवशी मी जरा लवकर पोचलो. अंगणवाडी उघडायची होती, म्हणून सुगंधाच्या घरी डोकावलो. ती निघून गेली होती. घराच्या मागच्या पडवीत एक ॲल्युमिनियमची ताटली होती आणि तिच्यात चार कोंबड्या टोचा मारत होत्या. मी वाकून बघितलं. तपकिरी, ओलसर, वेलचीचा वास. दोन वर्षं ज्याच्या वासात काढली ते पीठ मला ओळखू येणार नाही असं कसं होईल?

घरी दिलेल्या पाकिटातलं खाणं कोंबड्यांच्या पोटात जातं हे आमच्या कामातलं जुनं दुखणं आहे. कुणी गाईला घालतं, कुणी कोंबड्यांना. पण माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी? मी तिथून अंगणवाडीपर्यंत जवळजवळ धावत गेलो. पंधरा-वीस बाया रांगेत होत्या. सुगंधा मध्ये कुठेतरी, कडेवर स्वरा.

"सुगंधाताई, बाळाचं खाणं कोंबड्यांना घालता?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

"मी आत्ता डोळ्यांनी बघून आलो. लाज नाही वाटत? आणि दर महिन्याला मला सांगता, बाळ सगळं संपवतं म्हणून. खोटं बोलता?"

सेविका नंदाताई मधे पडल्या. "सर, सर, आत बसून बोलू या."

"आत कशाला? इथेच बोलू या की."

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, मग रांगेतल्या बायांकडे बघितलं आणि मिटलं. मग हळू म्हणाली, "चुकलं, सर."

मी वही उघडली, लाल पेन काढलं आणि तिच्यासमोर तिचं नाव कापलं. पाकिटं बंद. ती स्वराला वजन न करताच घेऊन गेली. रांगेत मागून कुणीतरी हसलं. ते हसणं मला तेव्हा न्यायाच्या बाजूचं वाटलं, हे मी लिहून ठेवतो.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. नंदाताई म्हणाल्या, "ती आता नाही यायची, सर. लसीला पण नाही आणलं पोरीला. नळावर बाया तिला कोंबडीवाली म्हणतात." मी म्हणालो, "मी काय करू?" असं म्हणताना माझं लक्ष दुसऱ्या बाळाच्या टिंबाकडे होतं.

माझी चूक मला कळली ती पश्चात्तापाने नव्हे, तक्त्यामुळे. मुंबईत मोठी बैठक होती आणि मी टेबलावर सगळ्या बाळांचे तक्ते पसरून बसलो होतो. स्वराचा तक्ता हातात आला. आता तो दाखवता येणार नव्हता, कारण तिचं नाव मीच कापलं होतं. पण बाजूला ठेवताना हात थांबला. पीठ जर कोंबड्या खात होत्या, तर ही रेघ कोणाच्या जिवावर वर गेली? काटा खोटं बोलत नाही, टिंबं माझ्या हातची. पोर तर दर महिन्याला भरत होती. म्हणजे तिला काहीतरी चांगलं मिळत होतं. आणि ते काय, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

त्याच घराची फाईल पूर्ण उघडली. आम्ही परीक्षेच्या सुरुवातीला आणि चार महिन्यांनी घरातल्या सगळ्यांची वजनं घेतो. रीत म्हणून घेतो, मोठ्यांची कुणी बघत नाही. सुगंधाची सासू धाकलीबाय हिची दोन वजनं तिथे होती. पहिल्या वेळी इतकं कमी की मी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. दुसऱ्या वेळी तीन किलो जास्त. पंचाहत्तरीच्या म्हातारीचं वजन चार महिन्यांत तीन किलोने उगाच वाढत नाही. तो आकडा मी माझ्या हाताने लिहिला होता आणि त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी गेलो. पिशवी गाडीतच ठेवली, खुळखुळ नको म्हणून. ओटीवर खाटेवर धाकलीबाय पडली होती. नऊवारीत हाडं तेवढी. सुगंधा दारात आली आणि मला बघून तिथेच थांबली.

"ताई, मी माफी मागायला आलोय," मी म्हणालो. "त्या दिवशी मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तेवढं एकच काम मला येतं, आणि तेच केलं नाही."

"झालं ते झालं, सर."

"पीठ कोण खात होतं?"

"कोंबड्या. तुमी पाह्यलंत ना."

खाटेवरून आवाज आला. "कोन आलाय गो?"

"वाटीवाले सर, आये. चाललेत."

"कोंबड्यांचं काय बोलतो तो?"

"काय नाय. तुमी पडा."

पण धाकलीबाय कोपरावर उठून बसली. "सुगंदा, तू वजनाला का जात नाय ते मना कोन सांगत नाय. नळावरची बाय मना इचारते, कोंबड्या कशा हायत. काय भानगड हाय? सांग रे तू."

मी सुगंधाकडे बघितलं. तिने मान हलवली, नको म्हणून. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बाईच्या नकारापुढे माझा प्रश्न गिळून बसलो. पण म्हातारीच बोलली.

"पडवीतल्या ताटलीतलं? ता तर मी टाकते. शेवटचा घास कोंबड्यांना टाकायचा, माज्या आयेची रीत हाय."

"आये, गप बसा हो."

"गप का? पोरीचं उरलेलं सुगंदा मना आनून देते. टाकायचं कुटं बोलते, संपवा तुमी. मी संपवते. माज्याच्यान भाकर चावत नाय." तिने जबडा उघडून दाखवला. आत एकही दात नव्हता. "कवळी क्येलेली हाय. डब्यात बसून हसते."

सुगंधा रडायला लागली होती. आवाज न करता, दाराची चौकट धरून. मग एकेक करून कळलं. सुगंधा लग्न होऊन आली तेव्हा घराची सत्ता धाकलीबायकडे. दात गेल्यावरही म्हातारी ताटात भाकरी घ्यायची, सगळ्यांबरोबर बसायची, आणि कुणाचं लक्ष नसताना भाकरीचे तुकडे ताटाखाली सरकवून नंतर कोंबड्यांना घालायची. मऊ काही करून दे, असं सुनेला म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. विचारलं तर "भूक नाय." एक दिवस सुगंधाने तिला स्वराच्या वाटीला लागलेलं पीठ बोटाने निपटून खाताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दोघींचं पीठ कालवायला लागली. आणि सासूला ते ‘उरलेलं’ म्हणून द्यायची. मुद्दाम केलं असं कळलं असतं, तर म्हातारीने हात लावला नसता.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सगळ्या बायांच्या समोर सांगू? माजी सासू बाळाचं खाते म्हणून?" सुगंधा म्हणाली. "गावात तिनं मान राखलाय एवढी वर्षं. मला कोंबडीवाली म्हणाले तर म्हणाले."

मी ओटीच्या पायरीवर बसलो.

"पण मग स्वरा? स्वरा काय खात होती?"

"तिला पीठ आवडायचंच नाय, सर. दोन चमचे खायची. मी तिला खुब्यांच्या पान्यातला भात देते. गुरगुट्या. वर खुबे बारीक चुरून. ओहोटीला खाडीत जाते मी, उरलीय तेवढी खाडी."

खुबे म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणारे शिंपले. या परीक्षेत बाळांसाठी वाट्या मांडायच्या नव्हत्या, छापील यादी वाचायची होती, आणि मासळीची यादी मी दर महिन्याला तिला वाचून दाखवायचो. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा, मांदेली. ती प्रत्येकाला नाही म्हणायची, आणि खरंच बोलायची. खुबे यादीत नव्हतेच. कोलंबी नव्हती, कालवं नव्हती, चिंबोरी नव्हती. खाडीकाठच्या गावासाठी केलेल्या यादीत खाडीच नव्हती.

"का नव्हतं पण?" मी स्वतःशीच बोललो असेन.

धाकलीबाय माझ्याकडे निरखून बघत होती. "तू कोनाचा रे? आडनाव काय तुजं?"

मी सांगितलं. शेवटी ‘कर’ येणारं, कोकणातल्या एका खेड्याचं नाव पोटात असलेलं आमचं आडनाव.

"शनवार तेल्यातला ना तू?" तिने टाळी वाजवली. "वाटलंच मना! तुमी खुबे खात नाय. खवला नाय त्याला, पर नाय. माजी आय खुबे इकायला घरोघर फिरायची, घान्यावरची तेलीन सगला घ्यायची, खुबे नाय घ्यायची. तेल मातर चांगला द्यायची. अरे, तुज्या घरात जे शिजत नाय ते तुज्या कागदावर कुटनं येनार?"

मी बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे जुनं नाव. आमच्याकडे खवलं आणि पर नसलेलं काही घरात येत नाही. नियम सोपा, लहानपणापासून अंगात मुरलेला. मासळीची यादी मी केली होती, नवीन पनवेलच्या माझ्या घरी, आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तपासायला दोन सहकारी होत्या, दोघी शुद्ध शाकाहारी. त्यांना मासळीतलं कळायचं नाही आणि मला शिंपल्यांतलं सुचायचं नाही. सव्वीस वर्षं लोकांच्या ताटात डोकावलेला माणूस मी. माझं स्वतःचं ताट डोळ्यांवर बांधून फिरत होतो, आणि ते मला दाखवून दिलं शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका दात नसलेल्या बाईने, खाटेवर बसून.

"माफी मागायला लोकांसमोर यायला हवं मी," मी सुगंधाला म्हणालो. "जिथे बोललो तिथेच."

"नको सर. तिकडे बोललात तर आयेचं नाव निघेल. इथे मागितलीत, पोचली."

"माजं नाव मी घेईन," धाकलीबाय म्हणाली. "तुमी कोन नाव काढनारे?"

मुंबईच्या बैठकीत मी आधी हेच सांगितलं. खोटं कशाला बोलू, गाडीत बसल्यावर मनात आलं होतं की गप्प बसावं. कापलेलं नाव कापलेलंच राहू द्यावं, बाकीच्या बाळांचे तक्ते बरे होते, कुणाला कळणार होतं? पनवेलपासून वाशीपर्यंत मी गप्प बसणार होतो. वाशीच्या पुलावर विचार बदलला, कारण खाली खाडी होती.

आमच्या विभागप्रमुख मॅडम कडक. मी म्हणालो, "मॅडम, मागे दोनदा दाखवलेला पहिला तक्ता चुकीचा आहे. त्या बाळाने पीठ जवळजवळ खाल्लेलंच नाही."

"म्हणजे? तुमची बेस्ट केस?"

"हो. बाळ खाडीचे शिंपले आणि भात खात होतं. आमच्या यादीत शिंपले नव्हते. चूक माझी."

"मग पीठ कोणी खाल्लं?"

"आजीने."

खोलीत हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "आजीचं वजन आहे तुमच्याकडे?"

"आहे. दोन्ही वेळचं."

मी कागद पुढे सरकवला. त्यांनी दोन्ही आकडे ताडून बघितले. मग म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही असं तोंड पाडून का बसलाय? एक परीक्षा घ्यायला गेलात, दोन उत्तरं घेऊन आलात. बाळांना काय चालतं ते त्या सुनेला तुमच्याआधी माहीत होतं. आणि तुमचं पीठ कामाचं आहे, फक्त पत्ता चुकला होता. जा, नीट विचारून या आता."

वजनाच्या दिवशी मी रांगेसमोर उभा राहिलो. "मागे मी सुगंधाताईंना जे बोललो ते खोटं होतं," एवढं म्हटलं आणि पुढचं वाक्य जुळवत होतो, तोच दारातून धाकलीबाय आली. सुगंधाचा दंड धरून, नवीन नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकवाची जागा मोकळी, पण चालणं मात्र घरच्या मालकिणीचं. ती मधोमध येऊन थांबली.

"कोंबड्या नाय, मी खाल्लं," ती म्हणाली. "कोनाला काय इचारायचं हाय? मना दात नाय. बाळालाबी दात नाय. मंग?"

भिंतीला टेकून नातवंडांना घेऊन बसलेल्या आज्यांतली एक म्हणाली, "तुजं बरं हाय धाकले. माजी सून मना भाकर देते नि सोता टीवी बगते." दुसरी म्हणाली, "मना पन दे गो पीठ." हसण्याचा असा लोट उठला की झोळीतलं बाळ दचकून रडायला लागलं. नळावर कोंबडीवाली म्हणणारी एक बाई पुढे झाली आणि तिने स्वराला सुगंधाच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं.

"आता मना जोख," धाकलीबाय मला म्हणाली. मी मोठ्यांचा काटा जमिनीवर ठेवला. पाकिटं बंद झाल्यापासून ती दीड किलोने उतरली होती. ते वजन मी उतरवलं होतं. पण आता निदान मी त्याच्याकडे बघत होतो.

त्यानंतर जे काम उभं राहिलं ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम आहे, आणि त्याची कल्पना माझी नाही. सुगंधाने एक दिवस विचारलं, "सर, बाळाचं वेगळं, आयेचं वेगळं, माझं वेगळं, एवढं कोण रांधेल? एकाच टोपात का नाय?" तांदूळ, मूगडाळ, दुधीसारखी एखादी भाजी, एकत्र मऊ शिजवायचं. मीठ-तिखट पडायच्या आधी पहिली पळी बाळाची, घोटून. मग मीठ आणि खुबे किंवा सुकट घालून दुसरी पळी म्हाताऱ्या माणसाची. उरलेल्याला लसणाची फोडणी देऊन तिसरी पळी, सगळ्यांत मोठी, अंगावर पाजणाऱ्या आईची. आणि तिसरी पळी टोपात ठेवायची नाही. ताटात काढून, झाकून, बाजूला ठेवायची. हा नियम सुगंधाचा, कारण टोपात ठेवलेलं सुनेच्या वाट्याला येईतो दुसराच कुणी वाढून घेतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पीठ आता आज्यांना मिळतं. त्यात मी नाचणी जरा आणखी भाजतो, म्हाताऱ्या जिभेला कडसर चालतं. आमच्या कागदावर खाडीची यादी वेगळ्या पानावर आहे. ती धाकलीबायने सांगितली, मी लिहून घेतली. दोन शिंपल्यांची नावं मला अजून उच्चारता येत नाहीत. आजूबाजूच्या गावांत तीन पळ्यांचा टोप लागतो आणि वजनाच्या दिवशी बाळांची एक, आज्यांची एक अशा दोन रांगा लागतात. आज्यांच्या रांगेत भांडणं जास्त होतात.

माझ्या मनातली ती लाल रेघ पुसली गेली असं मी म्हणणार नाही. ती वही मी जपून ठेवली आहे. नवीन मुली कामाला लागल्या की त्यांना पहिल्या दिवशी ते पान दाखवतो आणि सांगतो, हे मी केलं.

सुगंधा आता आमच्याकडे मुलाखती घेते. परवा त्या गावात वजनाचा दिवस होता. मी पोचलो तर बाया आधीच जमलेल्या. सुगंधाने माझ्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली आणि बारा वाट्या सतरंजीवर ओळीने मांडल्या.

"बसा सर. आज तुमची पाळी."

"माझी?"

"एवढी वर्षं आमाला विचारताय. काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत? आणि खरं सांगा हां, नायतर नाव कापीन."

बायांनी तोंडाला पदर लावले. खाटेऐवजी आता अंगणवाडीच्या खुर्चीत बसलेली धाकलीबाय पुढे वाकली, हल्ली ऐकायला कमी येतं म्हणून. स्वरा माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि तिने बारा नंबरची वाटी डोक्यावर टोपीसारखी घातली.

"सकाळी चहा," मी म्हणालो.

"कुठली वाटी?"

"कप होता."

"भरून की अर्धा?"

मला आठवेना. मग दुपारचं आठवेना. "जेवण," मी म्हणालो.

"जेवनात काय?"

"रोजचंच."

बाहेर रस्त्यापर्यंत हसू गेलं. धाकलीबाय म्हणाली, "याला सोडू नको गो, सुगंदा. हा लबाड हाय." सुगंधाने सोडलं नाही. एकेक घास काढून घेतला, वाटीवार, चमच्यासकट, आणि तिच्या गोल अक्षरात सगळं उतरवलं. मग कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला आणि लाल नव्हे, निळं पेन हातात दिलं.

"सही करा. सगळ्यांची घेतो आमी."

मी सही केली. तोवर नंदाताईंनी झोळीत पुढचं बाळ बसवलं होतं, आणि काटा अजून हलत होता.